पैलवान खातो, बारक्या का खात नाही?

प्रश्न : मुलाची दहावीची परीक्षा झाली की हवं ते घेऊन देऊ, असं त्याच्या बाबांनी कबूल केलं होतं. पोरानं मागितले बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे एका जातीचे सरडे. एकटं पिल्लू उदास होतं, जोडीच न्या, असं विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून दोन आणले. घरात फिशटँक रिकामा होता. त्यात वाळू घालून ठेवलेत, वर लाल बल्ब लावलाय आणि ऊन मिळावं म्हणून टाकी खिडकीला लावून ठेवली आहे. एकाचं नाव पैलवान, दुसऱ्याचं बारक्या. आणले तेव्हा दोघंही सारखेच, वीतभर होते. दोन महिन्यांत पैलवान दुप्पट झाला आणि बारक्या आहे तेवढाच राहिला. पैलवान दणकून खातो. बारक्या दोन अळ्या खातो आणि डोळे मिटून पडतो. त्याच्या शेपटीचं टोकही काळं पडून गळालंय. दोघांत माया मात्र भारी आहे, पैलवान दिवसभर त्याच्या अंगावर बसून असतो. आम्ही मीलवर्म नावाच्या अळ्या आणि पालक देतो. दीर म्हणतात, "खिमा चारा की वहिनी, चार दिवसांत ह्यो बी पैलवान हुतोय बघा." सासूबाई रोज वाटीत दूध ठेवतात. बारक्यानं खावं म्हणून काय करू? या पिल्लांना काय आणि किती द्यायचं? आणि झेपलंच नाही, तर पन्हाळ्याच्या रानात सोडले तर चालतील का?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलंय खाण्याचं. पण हे वाचून झालं की आधी दोघांना वेगळं करा. आज रात्रीच. पैलवानाला हवेशीर झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात हलवा आणि टाकी बारक्याला द्या. जो अशक्त आहे, ऊब आणि उजेड त्याच्याकडे राहू दे. धडधाकट पिल्लू एक-दोन दिवस कमी सोयीत काढेल, तेवढ्यात त्याच्यासाठी दुसऱ्या दिव्याची सोय करा. पेटता दिवा प्लास्टिकच्या टबावर टेकवू नका, प्लास्टिक वितळतं.

ज्याला तुम्ही माया म्हणताय ती दादागिरी आहे. हे सरडे मूळचे मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उघड्या मुलखातले, आणि स्वभावानं एकलकोंडे. दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसणं म्हणजे दिव्याखालची गरम जागा स्वतःकडे घेणं. खालच्याला ऊब कमी मिळते, उजेडही कमी मिळतो. कधी नीट निरखून बघा. पैलवान मान झटक्यानं खालीवर करत असेल, आणि तेव्हा बारक्या पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवत असेल. मुलं म्हणतात टाटा करतोय. त्याचा अर्थ असतो, "तू मोठा, मला मारू नको." दिवसभर असं दबून राहिलेलं पिल्लू समोर अळ्यांचा ढीग असला तरी खात नाही. शेपटीचं टोकही बहुतेक चावल्यानंच गेलंय. या वयात भुकेल्या भावंडानं शेपटी किंवा पायाची बोटं तोडणं अगदी नेहमीचं आहे, कारण हलणारं आणि बारीक दिसलं की ते त्यांना किडाच वाटतं. तुटलेली शेपटी पालीसारखी पुन्हा उगवत नाही. टोक कोरडं राहिलं तर तेवढ्यावर भागेल. काळेपणा वर सरकायला लागला तर पशुवैद्यकाकडे जावं लागेल. हळद-तेल लावत बसू नका.

"एकटं पिल्लू उदास होतं" हे वाक्य दोन पिल्लं विकण्यासाठी असतं. दोघांच्या मध्ये पुठ्ठा लावून भागवू, असाही विचार कराल. पुठ्ठा पूर्ण अपारदर्शक हवा, दोन्हीकडे स्वतंत्र दिवे हवेत, आणि चार-सहा महिन्यांत जागा अपुरी पडणार ती पडणारच. पूर्ण वाढलेला बिअर्डेड ड्रॅगन (लाडानं बिअर्डी) नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 45 ते 60 सेंटिमीटर भरतो. त्या एकट्यालाच निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी लागते. म्हणजे दोन चार-फुटी पेट्या. तेवढी जागा नसेल तर एका पिल्लाला जाणकार घर शोधणं हा काही कमीपणा नाही.

आता ऊब. या प्राण्याच्या अंगात स्वतःची उष्णता तयार होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते, आणि शरीर साधारण 35 अंशांपर्यंत तापलं तरच पोटातलं नीट पचतं. तापला नाही तर भूकच लागत नाही, आणि जबरदस्तीनं चारलं तर किडा पोटात तसाच कुजतो. दोन अळ्या खाऊन डोळे मिटणारा बारक्या मला थंड पडलेला आणि दमलेला वाटतो. कोल्हापुरात उन्हाळ्यात आपण घामानं भिजतो, मग याला थंडी कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याला बसायला जो दगड किंवा ओंडका दिलाय, त्याचा पृष्ठभाग पिल्लासाठी 40 ते 42 अंश तापलेला लागतो. टाकीचं दुसरं टोक मात्र 26 ते 28 अंशांवर, सावलीचं हवं, म्हणजे गरम झालं की तो स्वतः तिकडे जाऊ शकतो. सगळीकडे सारखंच तापमान ठेवणं ही चूक लोक फार करतात.

लाल बल्ब काढून टाका. दिवसा त्याचा उजेड पुरत नाही आणि रात्री तो झोपू देत नाही. विजेच्या दुकानातला हॅलोजनचा किंवा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब चालतो. एलईडी ऊब देत नाही, तो नको. बल्ब टाकीच्या एका टोकाला, त्याला उडी मारून चिकटता येणार नाही अशा उंचीवर लावा. किती वॅट ते तापमान मोजून ठरवायचं, दुकानदाराच्या अंदाजानं नाही. पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. करोनात कपाळावर धरायचे तो चालणार नाही, कारण तो फक्त अंगाच्या तापापुरता असतो. वस्तूचं तापमान मोजणारा वेगळा मिळतो. टाकीच्या काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर निव्वळ शोभेचे. रात्री सगळे दिवे बंद. आपल्याकडे घरात रात्री 18 अंशांच्या खाली पारा सहसा जात नाही, तेवढं त्याला चालतं.

आणि ती खिडकी. काचेतून ऊन येतं, ऊब येते, पण उन्हातले जे अतिनील-ब किरण त्याला हवेत ते काच अडवते. म्हणजे फायदा शून्य. उलट एप्रिल-मेच्या दुपारी काचेची टाकी थेट उन्हात तापून आतला जीव भाजून मरतो. टाकी आजच खिडकीपासून हलवा.

हे अतिनील-ब किरण, ज्याला दुकानात यूव्हीबी म्हणतात, ते नसतील तर बाकी सगळी धडपड वाया. त्वचेवर ते पडले की शरीरात डी-3 जीवनसत्त्व तयार होतं. डी-3 असेल तरच आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं रबरासारखी होतात. तुमच्या पत्रात यूव्हीबी ट्यूबचा उल्लेखच नाही, म्हणून दोन्ही पिल्लं आज चांगल्या उजेडात हातात घेऊन बघा. चालताना पोट जमिनीवरून उचललं जातं का? विश्रांतीत बसलेलं असताना पायाची बोटं किंवा पाय थरथरतात का? खालच्या जबड्याच्या कडेला बोटाच्या टोकानं अगदी हलकं दाबून बघा, हाड टणक लागायला हवं. जबडा लवचीक लागला, सुजल्यासारखा दिसला, पाय धनुष्यासारखे वाकले असले किंवा पाठीच्या कण्यात गाठ लागली, तर हे उत्तर बाजूला ठेवून पशुवैद्यकाकडे निघा. दणकून खाणाऱ्या पैलवानाचीही तपासणी करा. भराभर वाढणाऱ्याला कॅल्शियम जास्त लागतं, त्यामुळे हा आजार त्याला आधी गाठू शकतो.

लांब ट्यूबच घ्या, टी-5 प्रकारातली, 10 ते 12 टक्के लिहिलेली. गुंडाळीसारखा छोटा बल्ब स्वस्त पडतो, पण त्याचा उजेड एका ठिपक्यापुरता असतो. ट्यूब टाकीच्या निम्म्या लांबीइतकी असावी आणि गरम टोकाकडे लावावी. बसायच्या जागेपासून साधारण एक फूट वर, मधे काच किंवा प्लास्टिक अजिबात नको. बारीक जाळीसुद्धा किरणांचा बराच भाग खाते. नेमकं अंतर ट्यूबच्या खोक्यावर दिलेलं असतं, ते पाळा. दिवे 12 ते 13 तास, टायमर लावून. वर्षानं ट्यूब बदला. तेव्हाही ती लखलखीत पेटत असेल आणि घरातले म्हणतील, चांगली आहे की. पण डोळ्याला दिसणारा उजेड तेवढाच राहतो आणि यूव्हीबी मात्र घटलेलं असतं.

फुकटचं खरं ऊनही आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली ठेवून वीस मिनिटं. कुणीतरी समोर बसूनच. गच्चीवर कावळा आणि घार एका झडपेत काम करतात. पण मृग लागला. आता सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात ऊन म्हणजे सणावारीच दिसणार, तेव्हा ट्यूबला पर्याय नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या देशातली माहिती वाचून पाळणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. या प्राण्याला हवेत 30 ते 40 टक्के दमटपणा पुरतो. आपल्याकडे आषाढात भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. अशा हवेत थंड आणि दमट टाकीत राहिलेल्या बिअर्डीला फुप्फुसाचा संसर्ग होतो. तोंड उघडून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाचा आवाज ही त्याची लक्षणं. (गरम दगडावर बसून तोंड उघडं ठेवणं वेगळं, ते जादा उष्णता बाहेर टाकणं असतं. दिव्यापासून लांब असतानाही तोंड उघडं दिसलं तर घाबरा.) फिशटँक चारी बाजूंनी बंद असतो, हवा खेळत नाही. निदान वरचं झाकण पूर्ण जाळीचं करा, आणि ट्यूब मग जाळीच्या आतल्या बाजूनं बसवा. टाकीत पाण्याचं मोठं भांडं ठेवू नका, फवारा मारू नका. खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, हे आपल्या घरांत सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, ठाऊक आहे मला.

वाळू काढून टाका. पिल्लू किड्यावर झेपावतं तेव्हा किड्याबरोबर वाळूही गिळतं, आणि थंड पोटात ती साचून आतडं बंद होतं. वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल घाला. रोज बदलता येतो, शी कशी झाली ते कळतं, आणि पावसाळ्यात ओल धरत नाही.

एवढं झालं की मग ताट. दीर म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. वाढत्या पिल्लाला पैलवानासारखा खुराक लागतोच. फक्त हा पैलवान तालमीतला नाही, त्याचा खुराक किडे. पहिल्या काही महिन्यांत साधारण सत्तर-ऐंशी टक्के किडे आणि उरलेला पाला. मोठा झाला की हे प्रमाण नेमकं उलटतं. तुमची पिल्लं आता चारेक महिन्यांची असावीत. त्यांना दिवसातून दोनदा किडे द्या. बारक्या सावरेपर्यंत त्याला तीनदा, थोडे थोडे. मोजून देण्यापेक्षा वेळ लावून द्या. दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे, नंतर उरलेले काढून घ्यायचे. उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात, पापण्या आणि बोटं सुद्धा. किड्याचा आकार पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पैलवानाचे आणि बारक्याचे किडे म्हणजे वेगळ्या मापाचे. सकाळी दिवे लागल्यावर तासाभरानं पहिलं जेवण, आणि शेवटचं दिवे मालवायच्या दोन तास आधी, म्हणजे पचायला ऊब मिळते. पावसात लाइट जाते आणि कधी येईल याचा नेम नसतो. लाइट नसेल तर किडे देऊ नका, एक जेवण चुकल्यानं काही बिघडत नाही.

कुठले किडे? रोजचे म्हणून रातकिडे किंवा डुबिया झुरळं. दोन्ही पाळणारे लोक आता कुरिअरनं पाठवतात. डुबिया हे नाव ऐकून सासूबाई घर सोडतील अशी भीती वाटत असेल, पण ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, ओरडत नाहीत, आणि घरातल्या झुरळांपेक्षा फार मंद असतात. रातकिडे रात्रभर किरकिरतात, ते खोलीबाहेरच ठेवा. खोल गुळगुळीत डबा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, खायला गव्हाचा कोंडा आणि गाजराचे तुकडे, पाण्यासाठी ओला कापूस. वाटीत पाणी ठेवलं तर बुडून मरतात. किड्यांना भाजीपाला खाऊ घालून मग, म्हणजे निदान एक दिवसानं, ते पिल्लाला द्या. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल.

मीलवर्म मात्र बंद. त्यांचं कवच जाड असतं, चरबी जास्त, आणि थंड पोटाच्या बारक्याला ते पचणं कठीण. मोठा झाल्यावर कधीतरी चणेफुटाण्यासारखे चालतील. त्याऐवजी एक चांगली गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. तुती लावून रेशीमकिडे पाळणारे शेतकरी शोधा. त्या अळ्या मऊ, कमी चरबीच्या आणि पचायला हलक्या असतात. आजारातून उठणाऱ्या पिल्लाला यांच्यासारखं अन्न नाही. फक्त बागेवर किंवा अळ्यांवर औषध मारलेलं नाही ना, ते विचारून घ्या आणि त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरात बसतील अशा लहान अळ्या मागा.

मुलगा मित्रांबरोबर उसाच्या फडाकडेला जाऊन नाकतोडे धरून आणेल. उत्साह चांगला आहे, पण ऊस आणि भाजीच्या रानात फवारणी चालूच असते, त्यात रानातल्या किड्यांच्या पोटात जंतही असतात. नको. आणि एक किडा तर कधीच नाही : काजवा. या दिवसांत राधानगरीकडच्या झाडांवर काजवे लखलखतात, पोरं बाटलीत धरून आणतात. अमेरिकेत बिअर्डेड ड्रॅगन काजवे खाऊन तासाभरात मेल्याच्या नोंदी आहेत. काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आणि या ऑस्ट्रेलियन प्राण्याला ते ओळखता येत नाही. आपल्याकडचा काजवा वेगळ्या जातीचा असेल, पण ही परीक्षा आपल्या पिल्लावर घ्यायची नाही. संध्याकाळी खिडकी उघडी असताना ट्यूबपाशी येणाऱ्या किड्यांवरही लक्ष ठेवा.

पाला रोज सकाळी ताजा ठेवायचा, खाल्ला नाही तरी. पिल्लं सुरुवातीला ढुंकून बघत नाहीत. नखाएवढे तुकडे करा, वर एखादी अळी सोडा, हललं की तोंड घालतात आणि पानही पोटात जातं. पालक बंद करा. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते शरीराला मिळू देत नाही. त्याच कारणानं चुका, अळू आणि राजगिराही नको. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत गेलात की शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, मोहरीचा पाला घ्या. नवलकोल घेताना भाजीवाली पाला तोडून टाकते, तो मागून घ्या, बहुतेक फुकट मिळेल. तुतीची पानं उत्तम. सोबत किसलेला लाल भोपळा किंवा बारीक चिरलेला घेवडा. दारच्या जास्वंदीचं फूल बिअर्डीला फार आवडतं, रंगाला भुलून येतो. रोज एकच भाजी देऊ नका, आलटून पालटून द्या. धुताना भरपूर पाण्यात बुडवून ठेवून दोन-तीनदा धुवा. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, टोमॅटोचा आणि वांग्याचा पाला वर्ज्य. लिंबूवर्गीय फळं नकोत. पपई किंवा आंब्याची फोड कधीतरी, चिमूटभर.

किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं, खरं तर कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. म्हणून डब्यात चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून त्यात किडे हलवून, पांढरे करून द्यायचे. फॉस्फरस नसलेली, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची पावडर घ्या. आठवड्यातले पाच दिवस एका जेवणाला ती, आणि उरलेल्या दोन दिवसांपैकी एक दिवस जीवनसत्त्वांची पावडर. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यात डी-3 माणसाच्या मापानं घातलेलं असतं.

खिमा नको. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि चरबी व प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. दिरांना सांगा, तांबडा-पांढरा आपल्यासाठी ठेवू. दुधाचं सासूबाईंना समजावणं अवघड, नागपंचमीची सवय आहे. पण सापाला काय किंवा सरड्याला काय, दूध पचवणारं रसायनच पोटात नसतं. दुधानं जुलाब होतात आणि बारक्यासारख्या पिल्लाचं उरलंसुरलं पाणीही जातं. सासूबाईंना दुसरं काम द्या. ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब बारक्याच्या नाकाच्या टोकावर सोडायचा आणि वाट बघायची. जीभ बाहेर काढून तो चाटेल, मग दुसरा थेंब. हे बघायला त्यांना दुधाच्या वाटीपेक्षा जास्त आवडेल. आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात, त्याच्या पुढच्या पायाच्या कोपराच्या उंचीपर्यंत, दहा मिनिटं बसवा, समोरून हलू नका. मग पुसून लगेच दिव्याखाली. न्हाणीघरातली वेगळी पाटी वापरा, स्वयंपाकघराचं सिंक नको.

बारक्याला तोंड उघडून, सिरिंजनं काही भरवू नका. आधी तीन-चार दिवस वेगळा, उबदार आणि शांत राहू दे. मुलाला सांगा, या दिवसांत हातात घ्यायचं नाही, मित्रांना दाखवायला तर नाहीच. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे तपासायला द्या. दोघांची वेगवेगळी. पिल्लांच्या पोटात कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी आणि सुतासारखे जंत फार आढळतात, आणि मग कितीही चारा, वाढ होत नाही. फोनवर आधी विचारा, सरपटणारे प्राणी बघता का? सगळे बघत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. मांजरासाठी आणलेलं जंताचं औषध अंदाजानं देऊ नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि दर रविवारी वजन वहीत लिहा. डोळ्यांना जे दिसत नाही ते वहीत दिसतं. दोन आठवड्यांत वजन हललं नाही, डोळे खोल गेले, किंवा तो दिव्याखाली असूनही काळपट आणि निपचित पडून राहिला, तर रविवारची वाट बघू नका.

हाताळल्यावर प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात, प्राणी ठणठणीत असला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि थकलेल्या वृद्धांना ते बाधतात. पापी घेऊन फोटो काढायचा नाही.

राहिला पन्हाळा. नाही, सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेलं हे पिल्लू पहिल्या जोरदार पावसातच गारठेल, नाहीतर कुत्र्या-मुंगसाच्या तोंडी जाईल. जगलंच तर आपल्या रानातल्या सरड्यांना नवे आजार देईल. झेपेना झालं तर पाळण्याची नीट सोय असलेलं घर शोधा, प्राण्याबरोबर दिवे आणि वजनाची वहीही द्या. ज्यांच्याकडून घेतलेत त्यांची पावती नसेल तर आत्ताच मागून घ्या. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा तुमच्या प्राण्याला नोंदणी लागते का, हे वन विभागाच्या कार्यालयात एकदा विचारा. आणि मुलाचा नाद वाढून उद्या कुणी "घोरपडीचं पिल्लू आणून देतो" म्हणालं, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

नीट सांभाळलेला बिअर्डेड ड्रॅगन आठ-दहा वर्षं, कधी जास्तही जगतो. म्हणजे मुलगा कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला जाईल तेव्हा रातकिड्यांचा डबा तुमच्या हातात येणार. तो घेणार कोण, हे आत्ताच घरात बसून ठरवा. बारक्याची पहिल्या दोन रविवारांची वजनं आणि शीच्या तपासणीचा निकाल मला कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.